महालातली ठमी चौथ्या मजल्यावर

नागपुरातल्या महाल भागातला जुना वाडा पाडायला निघाला होता. मुलाने मनीषनगरला फ्लॅट घेतलेला, सामानाची बांधाबांध सुरू, आणि काकू अडून बसल्या, "ठमी येत असेल तरच मी येते."

ठमी म्हणजे ओसरीवर कूलरच्या स्टँडखाली राहणारी करडी मांजर. काकूंनी वाढलेलं खायची, पण अंगाला हात लावू द्यायची नाही. मुलाने मला बोलावलं ते खरं तर आईची समजूत घालायला. "तुम्हीच सांगा जी डॉक्टर, असं मांजर फ्लॅटात राहीन का?"

मी आधी नुसतीच बघत बसले. जिचं बाहेर बरं चाललंय तिला उगाच घरात कोंडू नये, या मताची मी आहे. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसाची सवय लागली नाही, तर पुढे ती लावणं फार जिकिरीचं. पण ठमी काकूंच्या पुढ्यात बसून खात होती, शेपटी उभी करून त्यांच्याकडे येत होती. पार रानटी मांजर असं करत नाही. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं, म्हणजे कुणीतरी नसबंदी करून सोडलेली. आणि वाडा तर जाणारच होता. मी म्हटलं, "राहील. पण बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी लागल्याशिवाय नाही." मुलाचा चेहरा पडला.

खाण्यावरून मात्र काकूंशी जुंपली. शाकाहारी घर, त्यामुळे ठमीला दूध-पोळी. वाड्यात उंदीर-चिचुंद्र्या होत्या म्हणून तिचं भागत होतं. फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार? टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळतो, तो नसेल तर डोळे जातात, हृदय निकामी होतं, हे मी दोनदा समजावलं. शेवटी तोडगा काकूंनीच काढला. चिकनचं पाकीट बाल्कनीत फोडायचं, त्याची कात्री वेगळी, वाटी वेगळी, आणि ते सगळं सुनेने करायचं.

पकडणं तसं सोपं गेलं. पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवलं, जेवण त्यातच वाढत राहिलो, ती बिनधास्त आत जायला लागल्यावर एक दिवस दोरी सोडली. दार पडल्याबरोबर वर चादर टाकली. अंधार झाला की धडपड थांबते. तिथेच रेबीजची लस उरकून घेतली.

खरी परीक्षा फ्लॅटमध्ये. राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा रडवेला फोन, "काही खाऊन नाही राहिली हो." दोन-तीन दिवस सलग उपास घडला तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेतू शकतं, म्हणून हातातलं काम टाकून निघाले. मे महिन्याची दुपार, रस्ते ओस.

जाऊन बघते तर खोलीत जत्रा. नातू मोबाईलचा टॉर्च कपाटामागे मारतोय, मुलगा झाडूच्या दांड्याने ढोसतोय, सून "ठमी, ठमी" करतेय. सगळ्यांना बाहेर काढलं. तिला त्रास नको म्हणून कूलर बंद ठेवला होता. तो आधी सुरू करायला लावला. जिचे उन्हाळे कूलरखाली गेले तिला त्या घरघरीचं काय भय? उलट लिफ्टचा खडखडाट आणि शेजारची कुकरची शिट्टी त्यात बुडाली. मुलाला महालात पिटाळलं. तिथून ती झोपायची ते गोणपाट आणि अंगणातली माती घमेलंभर आणवली. शी-शूसाठी आणलेल्या विकतच्या लिटरकडे, म्हणजे त्या वाळूकडे, तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं; त्यावर ती माती पसरली.

मग काकूंना कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसवलं. "रोजची पोथी वाचा. मागे बघायचं नाही, बोलवायचंही नाही." काकू वाचू लागल्या. मी दाराशी. बऱ्याच वेळाने कपाटाच्या कडेला आधी मिशा, मग कापलेला कान. ती पोट जमिनीला घासत गोणपाटापर्यंत आली, ते हुंगलं, त्यावर गाल घासला, आणि वाटीत तोंड घातलं. लपलप ऐकून काकू वळणार तोच मी जोरात मान हलवून खुणावलं. त्यांनी तीच ओवी पुन्हा म्हटली. वाटी चाटून पुसून झाली तरी वाचन थांबलं नाही.

पुढचं सगळं सावकाश झालं. एका खोलीतून दोन, मग हॉल. नातवाला डोळे रोखून न बघता हळूच मिटायला शिकवलं. आता ठमी त्याला तसंच उत्तर देते, यावर त्याचा मोठा तोरा. काकूंकडून गाल खाजवून घेते. उचलू मात्र कुणालाच देत नाही, आणि सून अजून विचारते, "मांडीवर कधी बसेल?" मी सांगितलंय की कदाचित कधीच नाही. लसीची तारीख जवळ आलीय. त्या दिवशी गॅबापेंटिन, म्हणजे भीती कमी करणारं औषध, सकाळीच द्यायचं, तेही त्या पाकिटातल्या चिकनमध्ये कालवून. मागच्या आठवड्यात मुलाने फोन केला, "तिला सोबत म्हणून एखादं पिल्लू आणू का?" मी नको म्हटलं. काकू मागून ओरडल्या, "आणखी एक कात्री मी घरात ठेवणार नाही!"