लेबलवरचं नाव

"हे नाव पुसून देऊ काय रे? ओलं फडकं लावलं तर निघेल की," शहापुरातल्या काकू म्हणाल्या. मी जवळजवळ ओरडलोच, "नको वो काकू!"

काकूंकडून विकत घेत होतो ती जुनी रेकॉर्ड, बीटल्सची 'ॲबी रोड'. १९६९ चा अल्बम, आपल्याकडची, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली प्रत.

खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली. केसासारखे बारीक ओरखडे, पण नखाला लागत नाहीत. म्हणजे फार खरखरणार नाही. कव्हरलाही बुरशी नाही, आणि बेळगावच्या पावसात हे म्हणजे नवलच. व्हीजी प्लस, म्हणजे 'व्हेरी गुड'च्याही वरचा दर्जा, सहज. फक्त लेबलवर, भोकाच्या शेजारी, निळ्या शाईत काकांचं नाव.

ग्रेडिंगमध्ये हा दोष धरतात. दर्जा उतरतो, किंमतही.

काकू म्हणाल्या, "गल्लीत कोण मागून नेलं तर परत देत नव्हते रे, म्हणून सगळ्यांवर नाव घालून ठेवायचे."

म्हणजे अख्खी गल्ली बीटल्स ऐकत होती!

न बघता पैसे मोजणाऱ्याला काटेकोर ग्रेडिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यानं ती ऐकली, ऐकवली, त्याचं नाव डागात मोजायचं हे मला काही पटत नाही. पैसे कापले नाहीत.

तुमच्याकडे आहे काय अशी नाव घातलेली एखादी?