वासाचं काय करायचं

मासे तळले त्या रात्री घरात कुणाला काहीच वाटत नाही, सगळे बोटं चाटत असतात. कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कचरा टाकून परत घरात पाऊल ठेवलं की. पडदे, सोफ्याचं कव्हर, दारामागे अडकवलेलं जॅकेट, सगळ्यांनी जणू रात्री आपल्याबरोबरच पंगतीला बसून जेवून घेतलेलं असतं. मी साबण, लिंबू, कॉफीची पूड, स्टीलचा चमचा नळाखाली धरून त्यावर बोटं घासणं, सगळं करून बघितलंय. लिंबाचा बऱ्यापैकी उपयोग होतो. चमच्याचं मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही, पण घासत असते आपली.

तर एकदा वैतागून वाचायला बसले की हा वास येतो तरी कुठून, आणि नेहमीप्रमाणे दोन तास गेले. गंमत म्हणजे अगदी ताज्या माशाला आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो नसतोच. समुद्राचं पाणी खारट, त्यामुळे माशाच्या अंगातलं पाणी बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून त्याच्या पेशींमध्ये एक पदार्थ साठवलेला असतो, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असं त्याचं लांबलचक नाव. त्याला स्वतःला काही वास नाही. मासा मेला की जंतू त्याच्यावर बसतात, त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे उरतं ट्रायमिथाइलअमाइन, तोच आपला पडद्यातला पाहुणा. गोड्या पाण्यातल्या माशात हा प्रकार फारसा नसतो, त्यांना येतो तो चिखलाचा, ओल्या मातीचा वास.

आणि फ्रिजचं तर मला भारीच वाटलं. मटण फ्रिजमध्ये ठेवलं की त्यातले जंतू गारठतात, कारण त्यांना उबदार अंगाची सवय. पण थंड समुद्रातला मासा जन्मभर चार-पाच डिग्रीतच पोहत असतो, त्याच्या अंगावरचे जंतूही तिथेच वाढलेले, म्हणजे आपण त्यांना गारठवतो असं समजून प्रत्यक्षात घरी नेऊन सोडतो. म्हणून मासा फ्रिजमध्येसुद्धा बर्फात गाडून ठेवा म्हणतात. मी आधी तो सल्ला अति शहाणपणाचा समजायचे.

हे कळल्यावर जगातल्या माशाच्या रेसिप्या वाचायची माझी पद्धतच बदलली. मला वाटायचं प्रत्येक देशाची चव वेगळी म्हणून पदार्थ वेगळे. आता वाटतं की अर्ध्याअधिक रेसिप्या म्हणजे एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, हा मासा नासणार आहे आणि घमघमणार आहे, तर आता काय करू. चवीचं बघू नंतर.

आंबट घाला हे सगळ्यात लोकप्रिय उत्तर. आम्ल त्या अमाइनला धरून ठेवतं, मग ते हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत पोचत नाही. इंग्लंडमध्ये फिश अँड चिप्सवर माल्ट व्हिनेगर, फिलिपिन्समध्ये सिनिगांग नावाच्या रश्श्यात चिंच, स्पेनमध्ये तळलेला मासा व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवायचा तो एस्काबेचे. यातल्या कुणीही रसायनशास्त्र शिकून हे ठरवलेलं नाही. हॉटेलात ताटाच्या कडेला जी लिंबाची फोड असते ना, जी मी कित्येक वर्षं सजावट समजून बाजूला सारत होते, ती कामाला ठेवलेली होती बिचारी.

पेरू देशाने तर हे आंबटाचं प्रकरण पार टोकाला नेलं. सेविचेमध्ये आगच नाही. कच्च्या माशाचे तुकडे, मीठ, लिंबू, कांदा, मिरची, कोथिंबीर, बस. लिंबाच्या रसाने माशातली प्रथिनं घट्ट होतात आणि काचेसारखा अर्धपारदर्शक तुकडा बघता बघता दुधी पांढरा होतो, गॅस न पेटवता शिजल्यासारखा. पूर्वी तिकडेही मासा तासन् तास लिंबात ठेवायचे म्हणे, मग पेरूत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या हाताने तो वेळ काही मिनिटांवर आला. खाली जो आंबट-तिखट पांढरट रस उरतो त्याला ते वाघाचं दूध म्हणतात, आणि तो ग्लासात घेऊन पितातही. 2023 मध्ये युनेस्कोने सेविचेला वारशाच्या यादीत घेतलं. मी केलं तेव्हा लिंबात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, फोन आला, मग अजून एक फोन आला, तीन तासांनी काढलं तर मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर. चावत बसलो सगळे, कुणी काही बोललं नाही, म्हणजे बघा. (आणि हो, लिंबाने मासा पांढरा होतो पण त्यातले जंत काही मरत नाहीत, त्यासाठी तो आधी कडक फ्रीझ केलेला लागतो. उत्साहाच्या भरात हे विसरू नका.)

मला स्वतःला सगळ्यात पटलेली पद्धत मात्र दक्षिण चीनची, कॅन्टनची. अख्खा मासा, डोक्या-शेपटीसकट, ताटलीत ठेवून वाफवायचा, मध्यम आकाराचा असेल तर आठ-दहा मिनिटं. मासा लवकर शिजतो कारण त्याला स्वतःचं वजन पेलायचं नसतं, पाणीच त्याला उचलून धरतं, त्यामुळे मांस बांधून ठेवणारे ते चिवट धागे त्याच्यात फार कमी. आता इथे खरी मेख आहे. वाफवून झाल्यावर ताटलीत जे गढूळ पाणी साठतं ना, ते ओतून टाकायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी ते जपून ठेवलं, म्हटलं एवढा छान स्टॉक, टाकायचा कशाला, भाजीचं पाणी फेकायचं नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. सगळा वास त्या पाण्यात असतो. ते ओतलं, वरून आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या बारीक काड्या घातल्या, कडकडीत तापलेलं तेल ओतलं, चर्र असा आवाज झाला, वर सोया सॉस, आणि घरात वास आला तो आल्याचा. संपलं. तिकडे नव्या वर्षाला मासा हवाच, कारण माशाचा आणि शिल्लक राहण्याचा उच्चार एकच, यू, म्हणून थोडा मासा मुद्दाम उरवतातसुद्धा. आमच्याकडे उरला नाही. बचतीचं काय होणार ते दिसतंच आहे.

पण जगात दुसरीही माणसं आहेत, जी वासाला अजिबात भीत नाहीत, उलट त्याला घरजावई करून घेतात. स्वीडनमध्ये सुरस्ट्रोमिंग म्हणून बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे असतात, सडू नयेत इतपतच मीठ घालून आंबवलेले. डब्यात भरल्यावरही आंबणं चालूच राहतं, डबा टम्म फुगतो, आणि तो शहाणी माणसं घराबाहेर उघडतात. 2006 मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने हे डबे विमानात न्यायला बंदी केली, फुटतील म्हणून. जर्मनीत कोलोनला ऐंशीच्या दशकात एक खटला झाला होता. भाडेकरूने जिन्यात या डब्यातलं पाणी सांडवलं, घरमालकाने त्याला बाहेर काढलं, प्रकरण कोर्टात गेलं. मालकाच्या बाजूने युक्तिवाद वगैरे काही नाही, भर कोर्टात एक डबा उघडला. निकाल मालकाच्या बाजूने. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करणाऱ्या समस्त मंडळींना (त्यात मीपण आले) हा निकाल ठाऊक असावा.

आइसलंडचं तर विचारूच नका. ग्रीनलंड शार्क ताजा खाल्ला तर विषारी, त्याच त्या अमाइन ऑक्साइडमुळे, इतकं ते त्याच्यात ठासून भरलेलं. मग तो काही आठवडे पुरून किंवा दाबून आंबवायचा, मग चार-पाच महिने टांगून वाळवायचा, आणि मग अमोनियाचा भपकारा मारणारे चौकोनी तुकडे काडीला लावून खायचे. मला नेहमी प्रश्न पडतो की हे शोधून काढणारा जो कोण पहिला माणूस असेल त्याची भूक केवढी असेल.

खारवून वाळवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते वासाच्या मुळावरच घाव घालतात, पाणीच नाही तर जंतू जगणार कशावर. पोर्तुगालचा जीव की प्राण म्हणजे बाकाल्याउ, खारवलेला कॉड मासा, आणि हा कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही! पार कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन शेकडो वर्षं आणत राहिले. एका मैत्रिणीने मला त्याचा एक तुकडा दिला होता, लाकडाच्या फळीसारखा, आणि सांगितलं होतं दीड-दोन दिवस पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा. मी दोन तास ठेवला. मला घाई होती. पुढचं सांगत नाही, फक्त एवढंच की त्या दिवशी घरात पाण्याची बाटली दर दहा मिनिटांनी भरावी लागत होती. नॉर्वेच्या लोफोटेनमध्ये तर मीठही नाही, कॉड नुसता लाकडी मांडवांवर टांगून फेब्रुवारी ते मे वाऱ्यावर सुकवतात, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर नायजेरिया. तिथल्याच बियाफ्राच्या यादवी युद्धात, 1967 ते 70, मदत म्हणून हा सुका मासा पाठवला गेला आणि तो तिथल्या रश्श्यांमध्ये असा काही बसला की आता निघायचं नाव नाही.

सेनेगलचा चेबूजेन, म्हणजे मासे-भात, हाही असाच. त्यात ताज्या माशाच्या पोटात लसूण-पार्सलीचं वाटण भरतात, पण त्याच पातेल्यात गेज म्हणून आंबवून वाळवलेल्या माशाचा एक छोटा तुकडापण टाकतात. म्हणजे ताजा मासा खायला आणि वासाचा मासा चवीला, एकाच पातेल्यात. जपानी लोक बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, वर चक्क बुरशी चढवून, वाळवून इतका कडक करतात की सुताराच्या रंध्यासारख्या यंत्रावर त्याचे पापुद्रे काढावे लागतात. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांनी त्याच्यातून चवीचा तो गुपित पदार्थ वेगळा काढला, त्यांचे गुरू इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून उमामी, म्हणजे ती खोल, रश्श्यासारखी चव, शोधलीच होती.

आणि इटलीतलं जुनं रोमन शहर पॉम्पे! तिथे स्कॉरस म्हणून एक व्यापारी होता, माशाच्या आंबवलेल्या सॉसवर, गारमवर, इतका गबर झाला की घराच्या फरशीवर मोझाइकमध्ये स्वतःच्या सॉसच्या बरण्या काढून घेतल्या. लेबलसकट. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने सगळं गाडलं आणि जाहिरात तेवढी टिकली.

ते वाचूनच मी फिश सॉसची बाटली आणली. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर करतात तसाच, अँचोव्ही नावाचे छोटे मासे आणि मीठ साधारण तीनास एक, मोठ्या लाकडी पिंपात वर्षभर, खालच्या नळाने जे गळतं ते. झाकण उघडलं आणि आई आतल्या खोलीतून ओरडली, "काय गं, उंदीर मेलाय का कुठे?" बाटलीकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "हे घरात नको. एकतर हे नाहीतर मी." नवऱ्याने काही न बोलता खिडक्या उघडल्या. शेवटी दोन पिशव्यांत गुंडाळून बाटली बाल्कनीत गेली, कुंड्यांच्या मागे.

मी गप्प बसले. मग एका रविवारी फ्राइड राइस करताना झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने बाल्कनीत जाऊन आले आणि अर्धा चमचा कढईत टाकला. दोन सेकंद भपकारा, चिमणी फुल स्पीडवर, आणि मग तो वास गेलाच कुठेतरी, उरली नुसती एक खोल चव. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "आज भात जमलाय," म्हणाली, "काय घातलंस?" मी म्हटलं, "लसूण जरा जास्त घातला." पुढच्या रविवारी नूडल्स, मग टोमॅटोचं सूप, मग तर परतलेल्या बीन्समध्येही. तसंही आपण बिनधास्त ओततो त्या वुस्टर सॉसमध्ये अँचोव्ही असतातच, आणि केचप हा शब्दसुद्धा मुळात चिनी बोलीतल्या माशाच्या सॉसचा, त्यामुळे मनाला फार लागलं नाही.

बाटली आता तळाला आलीये. परवा आई कुंड्यांशी काहीतरी करत होती, माझा जीव वरखाली. आत आली, हात धुतले, आणि म्हणाली, "ती तुझी लसूण संपत आलीये बघ."