'गो ऑफ' एकदाचं सुटलं

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, अंकीत, म्हणजे कार्डांवर शब्द पाठ करायच्या ॲपमध्ये, इंग्रजी 'गो ऑफ'चं कार्ड तिसऱ्यांदा चुकलं. परवा परभणीच्या बसस्थानकावर ते कोडं उलगडलं, म्हणून पुढचं क्रियापद 'मेक अप' बाजूला ठेवून आधी हे लिहितेय.

अडचण जुनीच. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाईट गेली. मग ऐकण्याच्या सरावात 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह' आलं की हात आपोआप 'अलार्म बंद पडला' लिहायचा. बरोबर उत्तर, अलार्म वाजला. 'ऑफ' असून वाजतो कसा, हे काही केल्या पचेना. आधी घेतलेल्या हजार फ्रेजल व्हर्ब्सच्या ('गो ऑफ'सारख्या जोडक्रियापदांच्या) पुस्तकात प्रत्येकासमोर एकच मराठी अर्थ छापलाय. त्याच्या भरवशावर महिना गेला. तसली यादी कुणीच घेऊ नका.

तर परवा. जिंतूरची एसटी डोळ्यांसमोरून निघाली. आई म्हणाली, "सुटली बाई गाडी." तेवढ्यात बाकावरच्या बाईंनी फोनवर विचारलं, "शाळा सुटली का गं?" मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. गाडी सुटली म्हणजे निघाली, शाळा सुटली म्हणजे संपली! वारा सुटला म्हणजे सुरू झाला, तंबाखू सुटली म्हणजे बंद झाली. यात आपण कधीच गोंधळत नाही, कारण काय सुटलं हे आधी ऐकतो. धरलेलं काहीतरी मोकळं झालं, एवढंच 'सुटणं' सांगतं. बाकीचं काम नामाचं.

'ऑफ'चा मूळ भावही 'पासून दूर' असाच. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' एकेकाळी एकच शब्द होते. चाप सुटला की बंदूक 'गोज ऑफ', लावून ठेवलेला गजर सुटला की तोही. दिवा विजेपासून तुटला की विझतो. दूध चांगल्या स्थितीपासून ढळलं की नासतं. हा दुधाचा वापर ब्रिटिशांचा, अमेरिकन माणूस बहुधा 'वेंट बॅड' म्हणेल.

रात्रीच सगळी कार्डं मोडून नामावरून नवे गठ्ठे केले: आवाज नि स्फोट, वीज, अन्न. आणि एक वाक्य स्वतः बनवलं, 'व्हेन द अलार्म वेंट ऑफ, आय टर्न्ड इट ऑफ.' वाजला आणि मी बंद केला. दोन 'ऑफ' शेजारी, आणि 'इट' बरोबर मधोमध. 'टर्न ऑफ इट' चालत नाही, हेही त्यातच पक्कं झालं. फार समाधान वाटलं.

औरंगपुऱ्यातून जुनी आणलेली कोबिल्डची फ्रेजल व्हर्ब डिक्शनरी आता खरी कामाला आली. तिच्या शेवटी पार्टिकलवार, म्हणजे 'ऑफ', 'अप' अशा जोडशब्दांनुसार, सूची आहे, आधी ती वाचा.

एवढं लिहून होतंय तोच 'द मीटिंग वेंट ऑफ वेल' सापडलं. बैठक ना वाजली, ना विझली, नीट पार पडली. म्हणजे चौथा गठ्ठा कार्यक्रमांचा, आणि त्यात 'वेल', 'स्मूदली' असा शब्द सोबत हवाच. 'आय वेंट ऑफ टी' म्हणजे चहावरून मन उडालं. तो माणसांचा पाचवा.

'मेक अप' पुढच्या महिन्यावर. आधी 'लागणे' घेऊन बसते: भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, एसटीही लागते. 'टेक ऑफ'ची किल्ली तिथं नसेल, पण 'गेट ऑन'ची असावी असं वाटतंय. कुणाला आणखी असं मराठी क्रियापद सुचलं तर वाक्यासकट कळवा.