बाईंची दोन रकान्यांची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि आठवल्या त्या फक्त आमच्या मराठीच्या बाई. पटांगण, घंटा, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच.

नववी 'ब'ला बाईंनी घर सोडून गेलेल्या भावाला बहीण शोधते अशी रहस्यकथा लिहायला दिली, तेव्हा निम्म्या वर्गाने शेवटी जुळा भाऊ काढला. बाईंनी फळ्यावर '१९२९' लिहिलं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने त्या वर्षी गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. दहावा नेमका हाच. वाचकाला आधी पुरती कल्पना दिल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत!

मग वहीत दोन रकाने आखून घेतले. डावीकडे खरोखर काय घडलं ते तारीखवार, उजवीकडे ते वाचकाला कुठल्या प्रकरणात कळतं ते. डावा रकाना भरल्याशिवाय कथेचं पहिलं वाक्य लिहायचं नाही. बहुतेक रहस्यकादंबऱ्या मध्यावर फसतात त्या इथेच: भाऊ घर सोडून का गेला हे लेखकालाच तोवर ठरवता आलेलं नसतं.

खूण अशी हवी, की पोलिसांना दिसेल पण वाचता येईल फक्त बहिणीला. बाईंचं उदाहरण खाकी कव्हराचं. दर जूनमध्ये भाऊ बहिणीच्या पुस्तकांना कव्हर घालतो, कोपरा दोनदा आत दुमडून. ही खूण तीनदा यावी. पहिल्यांदा कथेच्या सुरुवातीच्या पाव भागात, ट्रंकेतल्या पाच-सहा वस्तूंच्या यादीत, तीही मधोमध. कारण यादीतलं पहिलं आणि शेवटचं वाचकाच्या लक्षात राहतं. दुसऱ्यांदा सहज, कामाच्या ओघात. तिसऱ्यांदा परक्या खोलीत, परक्या नावाच्या डायरीवर तोच कोपरा. तिथे बहिणीने रडायचं नाही, फक्त कव्हर उलगडून बघायचं. रडणं पुढच्या प्रकरणात. उकल आणि हुंदका एकाच पानावर आले की दोन्ही वाया जातात, हे मला आजही शंभर टक्के पटतं.

कथा बहीण सांगत असेल, तर तिला ठाऊक असलेलं वाचकापासून दडवणं ही फसवणूक. आणि शेवटी भावाचं लांबलचक पत्र नको. त्याने वाचक हळहळतो, पण शोध बहिणीचा राहत नाही.

तपशिलात बाई फार कडक. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेची, चंद्रकोर सूर्यास्तानंतर तास-दीड तासात मावळते. मध्यरात्री चांदण्यात भाऊ दिसला कसा? राखीला पौर्णिमा, पण श्रावणातले ढग विसरू नका. हीच पट्टी लावली, तर २००४च्या आधीच्या कथेत ठाण्याहून थेट लोकलने वाशीला जाता येणार नाही. कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, आणि भावाने सांगितलेली वेळ तिथेच खोटी ठरू शकते.

ग्रंथालयाचा तास आता वेळापत्रकात नाही, असं ऐकून वाईट वाटलं. त्या तासाला बाई फाटक्या रहस्यकथांना स्वतः खाकी कव्हरं घालत, कोपरा दोनदा दुमडून. ती पुस्तकं कपाटात असतील तर महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडा. कव्हरं मात्र बदलू नका.