शेवटचा परिच्छेद आधी

सेमिनारमध्ये मी ठामपणे सांगितलं, "ओपोसा खटल्यात फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीचे परवाने रद्द केले." मॅडमनी एवढंच विचारलं, "शेवटचा परिच्छेद वाचलास का गं?" नव्हता वाचला. मी वाचलं होतं ते दीड पानाचं टिपण, तिथले विद्यार्थी ज्याला 'डायजेस्ट' म्हणतात ते.

त्याच रात्री मूळ निकाल उघडला. जी. आर. क्रमांक (तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा खटल्याचा नोंदणी क्रमांक) १०१०८३, ३० जुलै १९९३. निकाल लिहिणारे, म्हणजे तिथल्या भाषेत 'पोनेन्ते', न्यायमूर्ती हिलारिओ दाविदे. लहान मुलं आईवडिलांमार्फत कोर्टात आली होती, स्वतःसाठी आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांसाठी. त्यांचं म्हणणं असं की पंचवीस वर्षांपूर्वी देशात १ कोटी ६० लाख हेक्टर वर्षावन होतं आणि १९८७ च्या उपग्रह चित्रांत त्यातलं १२ लाख हेक्टर उरलेलं दिसतं. पुढे एक वाक्य येतं: तासाला २५ हेक्टर जंगल जातंय, रात्री, शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी गणित करून पाहिलं. वर्षाला २ लाख हेक्टर धरले तर तासाला २३ च्या आसपास येतात, म्हणजे आकडा जरा वर नेलाय. पण त्या शनिवार-रविवारने जे साधलंय ते नुसत्या आकड्याने साधलं नसतं. दावा कसा लिहावा हे मला त्या एका ओळीने शिकवलं.

मग 'फालो', म्हणजे आदेशाचा भाग. खालच्या कोर्टाने १८ जुलै १९९१ ला दावा फेटाळला होता. तो हुकूम रद्द, आणि परवानाधारकांना प्रतिवादी करून घेण्याची मुलांना मुभा. संपलं! त्या निकालाने एकही परवाना रद्द झाला नाही. ज्यांचे परवाने, ते कोर्टासमोर नव्हतेच. मुलांना मिळालं ते दावा पुढे चालवण्याचं दार.

तरीही निकाल मोठा आहे. समतोल आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क १९८७ च्या संविधानात दुसऱ्या प्रकरणाच्या कलम १६ मध्ये आहे, धोरणात्मक तत्त्वांच्या यादीत. तरीही कोर्टाने तो बजावता येण्याजोगा मानला. न्यायमूर्ती फेलिसियानो यांनी निष्कर्षाला दुजोरा दिला, पण वेगळं मत लिहून: इतक्या व्यापक हक्काचा भंग नेमका कधी झाला म्हणायचा? डायजेस्टमध्ये त्यांचं नावही नव्हतं. मला मात्र त्यांची शंका रास्त वाटते. एवढ्या मोठ्या हक्काला हातात धरता येईल अशी मूठ लागते.

थोडीफार मूठ २९ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पर्यावरण खटल्यांच्या नियमांनी दिली. त्यात 'रिट ऑफ कालिकासान' आहे. रिट म्हणजे कोर्टाचा आदेश, कालिकासान म्हणजे निसर्ग. हानी दोन किंवा अधिक शहरांना अथवा प्रांतांना भोवणारी हवी, कोर्ट फी नाही, प्रतिवादीला उत्तरासाठी १० दिवस आणि मुदतवाढ नाही. मात्र याचिकाकर्त्याला व्यक्तिगत नुकसानभरपाई या वाटेने मिळत नाही. परीक्षेत नेमकं हेच निसटतं.

त्याच नियमांत 'कंटिन्युइंग मॅन्डॅमस' आहे, म्हणजे आदेश देऊन कोर्ट मोकळं होत नाही, अंमलबजावणीवर नजर ठेवतं. त्याचं मूळ शोधत १८ डिसेंबर २००८ च्या मनिला उपसागराच्या सफाईच्या निकालापर्यंत गेले, तर तिथे चक्क गंगा! गंगेच्या सफाईसाठी भारतात हे तत्त्व वापरलं गेलं, असं तिथल्या कोर्टाने लिहिलंय. वाचताना अंगावर काटा आला.

या निकालाचा फालो मी सगळ्यात आधी वाचला. तो लांबलचक आहे, एकेका खात्याचं नाव घेऊन काम नेमून देणारा. शिक्षण खात्यालाही काम आहे: सगळ्या इयत्तांच्या अभ्यासक्रमात प्रदूषण रोखण्याचे धडे घाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनात ते कर्तव्य रुजेल, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या आईवडिलांच्या आणि मित्रांच्याही. १९९३ च्या निकालात मुलं आईवडिलांमार्फत कोर्टात आली होती. वहीत दोन्ही ओळी मी समोरासमोरच्या पानांवर उतरवून घेतल्या.