बेल्टची बाईक घेऊ का? आधी शेतरस्ता बघ भो

बेल्टची गाडी, म्हणजे मागचं चाक चेनऐवजी दातेवाल्या रबरी पट्ट्याने फिरतं ती, भारी चालते, त्यात वादच नाही. करकर नाही, ऑईल नाही, पँटीला काळे डाग नाहीत. हार्लेवाले काय उगाच इतकी वर्षं बेल्ट लावतात का, पण हीरोसोबत इथे बनवलेल्या एक्स ४४० ला मात्र त्यांनीही चेनच दिली हेही बघा. आता इलेक्ट्रिकमुळे बेल्ट आपल्या गल्लीत आलाय, एथरला आहे, रिव्होल्टच्या आरव्ही ४०० ला आहे, आणि पुतण्या सारखा मागे लागलाय की काका घेऊ का.

मी म्हटलं तू जळगावात फिरतो ते ठीक, पण यावलकडच्या केळीच्या बागेत पण जातोच ना, तिथला शेवटचा रस्ता नुसता मुरूम, आणि पावसाळ्यात तर काळ्या मातीचा गारा.

बेल्टला पाण्याचं एवढं काही नसतं, त्याचा दुश्मन म्हणजे बारीक खडा. चेनमध्ये खडा आला तर बहुतेक वेळा चिरडतो नाहीतर उडून जातो. पण बेल्टचा दात पुलीच्या, म्हणजे बेल्ट फिरतो त्या चक्राच्या, खाचेत फिट्ट बसतो, मध्ये खडा सापडला की पुली काही दबत नाही, मग तो बेल्टमध्येच घुसतो आणि आतले दोरे तोडतो, आणि सगळी ताकद त्या दोऱ्यांचीच असते. वरून एवढंसं भोक दिसतं, बेल्ट कधी दगा देईल सांगता येत नाही. बीएमडब्ल्यूने डांबरी रस्त्याच्या एफ ८०० एस आणि एसटीला बेल्ट दिला पण कच्च्या रस्त्याच्या जीएसला चेन, यातच काय ते आलं.

वरून बेल्ट अखंड, त्याला चेनसारखं उघडायचं लॉक नाही, बऱ्याच गाड्यांना बदलायचा तर चाकासोबत स्विंगआर्मपण (मागचं चाक धरणारा दांडा) सोडा. ४२८ साइजची चेन पारोळ्यात काय एरंडोलात काय, कुठेही मिळते.

आता चेनवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नका. आपल्याकडे नव्वद नंबर गिअर ऑईल बदाबदा ओततात, त्यावर फुफाटा चिकटतो आणि ती काळी पेस्ट दाते खात बसते. घासलेटने पुसा, थोडंच ऑईल लावा, जास्तीचं फडक्याने काढा. मागच्या चक्राच्या पार मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन गेली, मग नुसती चेन नाही, दोन्ही चक्रांसकट पूर्ण सेट टाका. स्प्लेंडरचं ते बंद चेन कव्हर दिसायला म्हातारं आहे पण आपल्या धुळीत त्याच्यासारखं काही नाही, बऱ्याच नव्या गाड्यांना का देत नाहीत काय माहीत.

पुतण्याला चेनच सांगितली. तुमचं नुसतं जळगाव-भुसावळ हायवेनेच जाणं-येणं असेल तर बेल्ट घ्या खुशाल, फक्त गाडी धुताना बेल्टच्या आतून बोट फिरवून खडा बिडा अडकलाय का बघत जा, आणि गाडी बंद करून बघा रे भो, चाक फिरतंय तेव्हा नाही.