मोज्यांशिवायचा नोव्हेंबर : फ्लोरिडा कीज

ऑक्टोबर संपता संपता डेट्रॉइटला पहिला बर्फ भुरभुरला आणि आईने आपली खुर्ची खिडकीपासून उचलून हीटरच्या जाळीशेजारी नेली. ती ऑगस्टमध्ये मालवणहून आली तेव्हा रोज संध्याकाळी चालायला जायची. मेपलची पानं लाल झाली तशी एकेक उचलून आणून जुन्या वहीत दाबून ठेवायची. आता पायात मोज्यांचे दोन जोड, अंगावर माझं जाकीट आणि गुडघ्यावर हात. "हयली थंडी हाडांत जाता रे झिला," एवढंच एकदा म्हणाली, पुन्हा तो विषय काढला नाही. त्या रात्री मी आणि बायको नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा विचार करायला बसलो.

सुट्टी सगळी मिळून पाच दिवसांची. हवाई मनात आलं, पण डेट्रॉइटहून तिथे पोचायलाच अख्खा दिवस जातो आणि परतायला दुसरा. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे सात हजार फुटांवर आहे, तिथे नोव्हेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. डेथ व्हॅलीची हवा त्या दिवसांत फार छान असते, पण तिथे दिवसभर दगड आणि वाळू. आईला काय दाखवणार? सॅन डिएगोवर मात्र आमचं जवळजवळ ठरलं होतं. ऊन आहे, समुद्र आहे, गर्दी बेताची. मग बायकोने विचारलं, "पाणी कसं असतं?" शोधलं तर त्या किनाऱ्याला उत्तरेकडून थंड प्रवाह येतो आणि नोव्हेंबरअखेरीस समुद्र सोळा-सतरा अंशांवर असतो. म्हणजे आई किनाऱ्यावर शाल घेऊन बसणार आणि लांबून लाटा बघणार. तसं नको होतं.

तिथून आमची शोधायची पद्धतच बदलली. फोटो बघणं सोडलं आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान बघायला लागलो. तुमच्याबरोबर थंडीने आखडलेलं वडीलधारं माणूस असेल तर मी तुम्हालाही हेच सांगेन, हवेपेक्षा पाण्याचा आकडा आधी बघा. मायामीच्या खाली, फ्लोरिडाच्या टोकापासून नैऋत्येला बेटांची माळ गेली आहे, ती फ्लोरिडा कीज. तिच्या शेवटच्या, की वेस्ट बेटाला नोव्हेंबरअखेरीस समुद्र साधारण पंचवीस अंशांवर असतो. बाजूने गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह जातो. की वेस्टला आजवर कधी दहिवर गोठल्याची नोंद नाही. पावसाळा सरलेला, डास कमी. चक्रीवादळांचा मोसम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, म्हणून पैसे परत मिळतील अशीच बुकिंगं केली. थँक्सगिव्हिंगला भाव चढतात, त्याला इलाज नाही.

बुधवारी दुपारी मायामीच्या विमानतळाचं दार सरकलं आणि दमट, कोमट हवा अंगावर आली. आई जागच्या जागी थांबली. मग बाकावर बसून तिने एक मोजा काढला, दुसरा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि चपला घातल्या. कोणी काही बोललं नाही. माझ्या मुलीने फक्त आजीचा हात धरला.

गुरुवारी सकाळी एव्हरग्लेड्स, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं दलदलीचं राष्ट्रीय उद्यान. थँक्सगिव्हिंगमुळे सरकारी कचेऱ्या बंद असल्या तरी पायवाटा खुल्या होत्या. होमस्टेड गावाच्या बाजूने आत गेलं की थोड्याच अंतरावर अॅनहिंगा ट्रेल लागते. मैलाहून कमी, सपाट, बरीचशी लाकडी फळ्यांची, गुडघेवाल्यांसाठी अगदी योग्य. ज्या पक्ष्याचं नाव या वाटेला आहे तो आपल्याकडच्या तिरंदाजाचा सख्खा भाऊ. त्याच्या पिसांना बदकासारखं पाणी झटकता येत नाही, म्हणून बुडी मारून आला की फांदीवर पंख पसरून वाळवत बसतो. आमच्यापासून हातभर अंतरावर एक बसला होता, मान सापासारखी वळवत. खाली पाण्यात अॅलिगेटर, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर. पाऊस थांबला की या दलदलीचं पाणी आटत जातं आणि उरलेल्या डबक्यांपाशी सगळे जीव गोळा होतात. हिवाळ्याच्या शेवटी आणखी दिसले असते म्हणतात, पण आम्हाला पाऊण तासात अकरा मगरी दिसल्या. मुलीने बोटांवर मोजल्या, अकराव्याला आजीचं बोट घेतलं.

दुपारनंतर खालचा रस्ता धरला. होमस्टेड सोडलं की दोन्ही बाजूंना खारफुटी सुरू होते आणि मग बेटं. की वेस्टपर्यंतचा हा ओव्हरसीज हायवे ११३ मैलांचा, त्यात ४२ पूल. इथे पत्ते मैलाच्या दगडावरून सांगतात. की वेस्टला शून्य, आमची खोली मॅरेथॉन गावात पन्नासाच्या आसपास. उजवीकडे उपसागर, डावीकडे अटलांटिक. आई पुढच्या सीटवर होती. एका वळणावर तिने काचेवर बोट ठेवलं आणि ओरडली, "अरे, ही आपलीच कांदळां मरे!"

गाडी पहिल्या मोकळ्या जागी बाजूला घेतली. खरंच कांदळ. खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात रुतलेली मुळं, जाड तकतकीत पानं आणि फांदीवरच रुजून लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा. इथली जात वेगळी, पण कूळ एकच. आई त्या पाण्याच्या कडेला कितीतरी वेळ उभी होती. तिच्या लहानपणी आजोबा कांदळाची साल उकळून जाळ्यांना रंग द्यायचे, ते सगळं तिने माझ्या मुलीला मालवणीतून सांगितलं. मुलीला निम्मं कळलं असेल. तिने एक पडलेली शेंग उचलून पाण्यात सोडली. ती काही वेळ आडवी तरंगली, मग प्रवाहाला लागली. अशाच तरंगत जाऊन त्या कुठेतरी चिखलात उभ्या रुजतात, त्यांतून पुढे बेटाचा काठ वाढतो.

शुक्रवारी प्रवाळ बघायला होडीतून जायचं होतं, पण रात्रीत उत्तरेचं वारं सुटलं. नोव्हेंबरात थंड हवेचे असे लोट इथवर येतात. सकाळी फोन आला, होडी रद्द, पैसे परत. हवा एकवीस अंशांवर उतरली होती. खोलीची झाडलोट करणारी बाई कानटोपी घालून आली होती आणि आमची आई सुती साडीत. म्हटलं, वारं उत्तरेचं असेल तर बेटांची दक्षिण बाजू आडोशाला असणार, आणि गाडी बाहिया होंडा या बेटाकडे काढली.

वाटेत सेव्हन माईल ब्रिज. सात मैलांना थोडा कमी, दोन्हीकडे फक्त पाणी, कुठे पाचूसारखं, कुठे शेवाळी, आणि शेजारी समांतर जुना पूल. तो जुना पूल रेल्वेचा. हेन्री फ्लॅग्लर हा स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीतला रॉकफेलरचा भागीदार. त्याने १९०५ साली समुद्रावरून की वेस्टपर्यंत रेल्वे न्यायचं काम काढलं आणि १९१२ च्या जानेवारीत पहिली गाडी घेऊन तो स्वतः तिथे उतरला. पुढच्या वर्षी तो गेला. १९३५ च्या सप्टेंबरात आलेल्या चक्रीवादळाने रूळ उखडले, चारशेहून जास्त माणसं गेली. त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले कितीतरी सैनिक होते, रस्त्याच्या कामावर लावलेले, झोपड्यांत राहणारे. रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ साली मोटारींचा रस्ता झाला. बाहिया होंडाला तो तुटका पूल जवळून दिसतो. रेल्वेची लोखंडी चौकट दोन मोटारींना अरुंद पडत होती, म्हणून रस्ता चौकटीच्या डोक्यावरून नेला. मधला तुकडा काढलेला आहे, गंजलेलं टोक हवेत थांबतं. तो इतका देखणा पूल बघताना त्या झोपड्यांतल्या माणसांची आठवण सुटत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. कीजमध्ये तारकर्लीसारखा लांबलचक वाळूचा किनारा शोधू नका. बाहेर प्रवाळाची भिंत लाटा अडवते, त्यामुळे वाळूच फारशी साठत नाही. बाहिया होंडा हा त्यातला अपवाद. आणि माझा अंदाज खरा ठरला, दक्षिण बाजूचं पाणी आरशासारखं होतं. आईने साडी वर खोचली आणि घोट्यापर्यंत गेली, मग पोटरीपर्यंत, मग गुडघे बुडाले. मागे वळून म्हणाली, "ऊन आसा रे पाणी." गेले दोन महिने मी तिच्या तोंडून 'ऊन' हा शब्द ऐकला नव्हता.

संध्याकाळी की वेस्ट. गावात कोंबडे मोकळे फिरतात, रस्ता ओलांडतात, हॉटेलातल्या टेबलाखाली दाणे टिपतात; त्यांना कोणी हात लावत नाही. एका घराच्या कुंपणाआत भलंमोठं चिकूचं झाड होतं. चिकू मूळचा याच बाजूचा, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. डहाणू-घोलवडला नंतर आला, हे आईला सांगितल्यावर ती बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिली. क्यूबा ९० मैल असं लिहिलेल्या रंगीत खांबापाशी फोटोसाठी रांग होती, आम्ही लांबूनच पाहिला. त्याऐवजी की लाइम पाय नावाचा लिंबाचा गोड पदार्थ खाल्ला. ते की लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबू, तेच. पूर्वी या बेटांवर ताजं दूध मिळायचं नाही, म्हणून डब्यातलं आटवलेलं गोड दूध वापरलं, आणि तीच त्या पायची चव झाली.

शनिवारी वारं पडलं. की लार्गोच्या जॉन पेनेकॅम्प पार्कमधून काचेच्या तळाच्या होडीने प्रवाळावर गेलो. जांभळे जाळीदार पंखे डुलत होते, पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. पण बराचसा भाग राखाडी, निर्जीव. २०२३ च्या उन्हाळ्यात इथलं पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडून मेले. सांबरशिंगासारख्या फांद्यांचे जे प्रवाळ ही भिंत उभी करायचे ते जवळपास संपले. माझी मुलगी गप्प झाली. मी तिला मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, आपल्या समुद्रातही प्रवाळ आहेत हे सांगितलं. पुढच्या मे महिन्यात ते बघायचं ठरलं आहे.

रात्री मॅरेथॉनच्या धक्क्यावर स्टोन क्रॅब मागवला. १५ ऑक्टोबरला याचा मोसम उघडतो. ताटात अख्खा खेकडा येत नाही, फक्त डेंगे. साईच्या रंगाचे, टोकाला काळे, उकडून गार केलेले, बरोबर मोहरीची चटणी. डेंगा मोडून घेऊन खेकडा जिवंत परत पाण्यात सोडतात आणि त्याला नवा डेंगा फुटतो. आमच्या घरी कुर्ली अख्खी सांबाऱ्यात जाते. आईने एक डेंगा हातात घेऊन मोडलेल्या सांध्याकडे नीट पाहिलं.

"एक डेंगो तरी ठेवतत मां तेका?"

कायद्याने दोन्ही काढता येतात, पण एक ठेवला तर तो जगण्याची शक्यता जास्त असते, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, लिंबू पिळलं, मांस सोडवून आधी नातीच्या ताटात ठेवलं. मग स्वतः खाल्लं. "गोड आसा," म्हणाली. मोहरीची चटणी तिने बाजूला सारली, मला वाटतं तिचं बरोबरच होतं.

रविवारी सकाळी सामान गाडीत भरून मी आईला शोधत खोलीमागच्या लाकडी धक्क्यावर गेलो. ती फळीच्या टोकाशी बसली होती, पाय पाण्यात सोडून. पलीकडच्या कांदळांतून एक बगळा उठला. पर्स शेजारी होती, त्यातून मोज्यांची घडी डोकावत होती.

"विमान कितीचा रे?"

"संध्याकाळचा."

"मगे वायच बसतंय."